डोक्याच्या गडबडीला पोट साफ करायचं औषध काऊन?

“ताई, डॉक्टरनं हे चुकून त नाही ना लिहिलं जी?”

धंतोलीतल्या आमच्या औषधांच्या दुकानात हा प्रश्न मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. परवा विचारणारा मुलगा उमरेडकडचा होता. वडिलांना सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होत जाण्याचा आजार. आठवडाभर ते दिवसा झोपायचे आणि रात्री घरभर फिरायचे. पेन्शन काढायला गेले तर सही जुळेना. पुन्हा करायला सांगितली, तर आणखीच वाकडी आली. एका पहाटे सुनेलाच ओळखेनात, तेव्हा गाडी करून नागपूरला आणलं. मेंदूचं स्कॅन केलं, ते बरं निघालं. आणि एवढं सगळं झाल्यावर चिठ्ठीत सगळ्यात वर काय, तर लॅक्टुलोजची बाटली. “बाबाचं डोकं चालून नाही राहिलं, न हे पोट साफ करायचं औषध देऊन राहिले.”

मागे गर्दी होती, त्यामुळे त्याला दोन मिनिटांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ते पुरेसं नव्हतं. डॉक्टरांनी चुकून लिहिलं नव्हतं, हे त्याला पटलं. का लिहिलं, हे समजलं नाही. ते ‘का’ समजायला यकृताकडे थोडं वेगळ्या बाजूने पाहावं लागतं. आतड्याच्या बाजूने.

नागपुरात जकात बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण काटोल नाका, वाडी नाका, पारडी नाका ही नावं काही गेली नाहीत. पूर्वी काटोलकडून संत्र्यांचा ट्रक आला की नाक्यावर थांबायचा, माल तपासला जायचा, मगच शहरात. यकृत हा असा नाका आहे. आपण खाल्लेल्या अन्नातून आतडं जे जे रक्तात घेतं, त्यातला तेलातुपाचा बराचसा अंश सोडला तर बाकीचं थेट हृदयाकडे जात नाही. आतड्याच्या सगळ्या शिरा मिळून पोर्टल व्हेन नावाची एक जाड शीर होते आणि ती यकृतात रिकामी होते. मिनिटाला साधारण लिटरभर रक्त या वाटेने येतं. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी जवळपास तीन-चतुर्थांश हेच. हृदयाकडून धमनीने येणारं ताजं रक्त उरलेला पाव हिस्सा.

म्हणजे यकृताचं आयुष्य आतडं काय पाठवतं यावर चालतं. आणि आतडं एकटं नाही. तिथे जीवाणूंची वस्ती आहे, मुख्यतः मोठ्या आतड्यात. २०१६ च्या एका गाजलेल्या गणितानुसार सरासरी माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच, आणि सगळे मिळून वजन जेमतेम २०० ग्रॅम. यातले बहुतेक आपल्या उपयोगाचे. भाकरीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते आंबवतात, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. त्यांची जागा मात्र भिंतीच्या आत आहे.

ही भिंत किती पातळ आहे ते ऐकून मी शिकत असतानाच थक्क झाले होते. पेशींचा एकच थर. वर शेंबडासारखा चिकट लेप, पेशी-पेशींमध्ये घट्ट शिवण, आणि चार-पाच दिवसांत सगळा थर नवा. एवढ्यावर ३८ लाख कोटी पलीकडे थोपवलेले.

थोडंफार गळतंच. धडधाकट माणसातही जीवाणूंच्या आवरणाचे तुकडे पोर्टल व्हेनमध्ये येत असतात. त्यातला सगळ्यात त्रासदायक तुकडा म्हणजे एंडोटॉक्सिन. ते टिपायला नाक्यावर कुप्फर पेशी बसलेल्या असतात. कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शरीरशास्त्रज्ञावरून हे नाव. आलेला तुकडा उचलायचा, गिळायचा, फार बोभाटा करायचा नाही, अशी त्यांची रीत. शरीरात ठिकठिकाणी ठाण मांडून बसलेल्या अशा भक्षक पेशींपैकी बहुतेक एकट्या यकृतात आहेत. सगळ्यात जास्त पहारा कुठे लागतो हे शरीराला बरोबर ठाऊक आहे.

गडबड होते ती गळती वाढली की. दारू आतड्याची शिवण सैल करते. मधुमेह, वाढलेलं वजन, चोथा नसलेलं आणि तेल-साखरेचं खाणं यांनीही वस्तीतले जीवाणू बदलतात आणि भिंत कमजोर होते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मग एंडोटॉक्सिन लोंढ्याने येतं. कुप्फर पेशी चवताळतात, सूज आणणारी रसायनं सोडतात. शेजारी तारकापेशी नावाच्या शांत पेशी असतात, ज्यांचं एरवीचं काम अ जीवनसत्त्व साठवून ठेवणं. सूज टिकून राहिली की त्या साठा सोडून देतात आणि व्रणाचे धागे विणायला लागतात. असं वर्षानुवर्षं चाललं की मऊ यकृत गाठाळ, कडक होतं. तेच सिरॉसिस.

इथे एक गोष्ट सरळ सांगते, कारण ती न सांगितल्याने घरं दुखावली जातात. सिरॉसिस म्हटलं की मोहल्ला ‘पित असंल’ म्हणून मोकळा होतो. पण कारणं आणखीही असतात: हिपॅटायटिस बी आणि सी आहेत, मधुमेहाबरोबर येणारं फॅटी लिव्हर आहे. आयुष्यात थेंब न घेतलेली माणसं मी या काउंटरवर रोज पाहते. शिवाय काही जीवाणू स्वतःच दारू गाळतात! २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एका अशा माणसाची हकीकत छापली, ज्याला दारू न पिता नशा चढायची आणि यकृतही चांगलंच बिघडलं होतं. त्याच्या आतड्यात क्लेब्सिएला न्यूमोनिए या जीवाणूचे असे वाण निघाले, जे साखरेपासून भरपूर अल्कोहोल करत होते. मग त्यांनी फॅटी लिव्हरचे ४३ रुग्ण तपासले, तर सुमारे ६० टक्के जणांत असे वाण सापडले. ते उंदरांना दिल्यावर त्यांची यकृतंही चरबीने भरली. चीनमधल्या एका गटावरून आपल्याकडच्या प्रत्येक फॅटी लिव्हरचं कारण ठरवता येणार नाही. पण ‘पित असंल’ म्हणणाऱ्याला थांबवायला एवढं पुरे. (सावजीच्या तिखटालाही लोक उगाच दोष देतात. तिखटाने सिरॉसिस होत नाही. तर्रीवर तरंगणारं तेल आणि ताटाशेजारचा ग्लास, यांचा हिशेब वेगळा.)

आता उलट बाजू. आधी आतडं बिघडलं की आधी यकृत, हा प्रश्न बऱ्याचदा सुटत नाही, कारण दोघं एकमेकांना ओढतात. यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त आतड्यात सोडतं. पित्त म्हणजे फक्त तेलतूप पचवायचा साबण, असं आपण शाळेत शिकलो. पित्ताम्लं जीवाणूंनाही दाबून ठेवतात. जीवाणू त्याच पित्ताम्लांचं रूप बदलतात, ती बदललेली आम्लं आतड्यातून पुन्हा शोषली जाऊन यकृतात येतात आणि यकृताला ‘किती पित्त बनवायचं’ याचा निरोप देतात. सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं अशी फिरून परत येतात. थोडक्यात, दोन्ही बाजूंनी टपाल चालू असतं. सिरॉसिसमध्ये पित्त कमी पडतं, दाब सुटतो, आणि एरवी तुरळक वस्ती असलेल्या छोट्या आतड्यातही जीवाणू माजतात. कडक यकृतातून रक्त पुढे सरकेना की पोर्टल व्हेनमध्ये दाब वाढतो, आतड्याची भिंत रक्ताने तुंबते, सुजते, आणखी गळते. यकृत आजारी, म्हणून आतडं गळकं. आतडं गळकं, म्हणून यकृत आणखी आजारी.

२०१४ मध्ये, पुन्हा चीनमध्येच, सिरॉसिसच्या रुग्णांच्या आतड्यातल्या जीवाणूंची जनुकं वाचली गेली. रुग्णांमध्ये वाढलेल्या ज्या जाती ओळखता आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुळात तोंडात राहणाऱ्या निघाल्या. दातांच्या फटीतला माल आतड्यात जाऊन दुकान थाटून बसला होता. लाळेबरोबर हे जीवाणू आपण सगळेच रोज गिळतो. पण जठरातलं आम्ल त्यांना मारतं, उरलेल्यांना पित्त.

जठरातलं आम्ल म्हटलं की मला आमच्या दुकानातली एक फळी आठवते. पॅन्टोप्राझोल आणि त्याची भावंडं. लोक तिला गॅसची गोळी म्हणतात आणि सकाळच्या चहाआधी चॉकलेटसारखी घेतात, काही जण दहा-दहा वर्षं. “पंधरा पत्ते द्या, गावाला न्यायचे आहेत.” ही गोळी आम्ल जवळपास बंदच करते. ज्याला अल्सर आहे, ज्याच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर नुकतीच रबरी पट्टी बांधली आहे, त्याला ठरावीक दिवस ती हवीच, आणि मनाने बंद करू नये. पण सिरॉसिसच्या रुग्णाने कारणाशिवाय ती चालू ठेवली, तर पोटातल्या पाण्याला संसर्ग होणं आणि डोकं भ्रमणं या दोन्हींचं प्रमाण जास्त दिसतं, असं अनेक अभ्यासांनी नोंदवलं आहे. तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: ही अजून लागते का?

पोटातल्या पाण्याचा संसर्गही याच गोष्टीतला. सिरॉसिसमध्ये पोट पाण्याने भरतं, आणि कुठे जखम नाही, काही फुटलेलं नाही, तरी त्या पाण्यात ई. कोलाय किंवा क्लेब्सिएलासारखे जीवाणू वाढलेले सापडतात. ते आतड्यातूनच पाझरलेले असतात. कधी ताप येतो, पोट दुखतं. कधी फक्त माणूस गळून जातो आणि बरळतो. अशा वेळी उद्यावर ढकलायचं नाही, सुईने थोडं पाणी काढून त्याच दिवशी तपासलं गेलं पाहिजे.

आता उमरेडच्या त्या बाबांकडे येऊ.

नाक्यावर ट्रकांची रांग लागली आणि पुढे काही हलेना, तर ड्रायव्हर काय करतो? शेतातल्या पांदण रस्त्याने गाडी घालतो आणि न तपासता शहरात शिरतो. पोर्टल व्हेनमधलं रक्तही तसंच करतं. अन्ननलिकेभोवतीच्या, प्लीहेजवळच्या बारीक शिरा फुगवून ते आडवाटेने हृदयाकडे जातं. (याच फुगलेल्या शिरा फुटल्या की रक्ताची उलटी होते.) या न तपासलेल्या मालात अमोनिया असतो. आतड्यातले जीवाणू प्रथिनं आणि युरिया फोडतात तेव्हा तो तयार होतो. आतड्याच्या पेशीही तो बनवतात. निरोगी यकृत त्याचं युरियात रूपांतर करतं आणि तो लघवीवाटे जातो. आजारी यकृताला ते झेपत नाही, आणि आडवाटेने गेलेला अमोनिया तर यकृताला भेटतच नाही. तो पोचतो मेंदूत. तिथल्या आधारपेशी तो शोषून फुगतात आणि मेंदूचा कारभार मंदावतो. आधी झोप उलटी होते, मग अक्षर बिघडतं, चिडचिड वाढते. हात पुढे ताणून धरायला सांगितले तर पंजे पाखरासारखे फडफडतात. शेवटी बेशुद्धी.

हे माणसांच्या आधी कुत्र्यांवर कळलं. १८७७ मध्ये निकोलाय एक (Eck) या रशियन शल्यवैद्याने पोर्टल व्हेन यकृताला वगळून सरळ मोठ्या शिरेला जोडून पाहिली. त्याच्या आठ कुत्र्यांपैकी एकच जास्त दिवस टिकला आणि अडीच महिन्यांनी तोही प्रयोगशाळेतून पळून गेला! पुढे १८९३ मध्ये पावलोव्हच्या चमूने, हो, तोच घंटी आणि लाळवाला पावलोव्ह, हीच शस्त्रक्रिया पुष्कळ कुत्र्यांवर केली. त्यांचे कुत्रे तऱ्हेवाईक झाले, अंगावर यायचे, लडखडायचे, आणि मांस खाऊ घातलं की बिघडायचे. नाका वगळला की काय होतं, ते सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

आणि आता लॅक्टुलोज. दुधातल्या साखरेपासून केलेली ही एक साखर आहे, जी पचवायला आपल्याकडे पाचकरसच नाही. त्यामुळे ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचते. तिथल्या जीवाणूंना मात्र ती आवडते. ते ती आंबवतात आणि आम्लं तयार होतात. आंबट वातावरणात अमोनिया अमोनियम होतो, आणि अमोनियमला आतड्याची भिंत सहज ओलांडता येत नाही. माल आतच अडकतो. मग तीच साखर पाणी ओढून घेते, पोट साफ होतं आणि अडकलेला माल बाहेर जातो. मेंदूपर्यंत न जाता मेंदूवर उपचार. १९६६ मध्ये हा उपाय पहिल्यांदा छापून आला आणि आजही तोच पहिला आहे. इतकं स्वस्त आणि इतकं हुशार दुसरं औषध मला आठवत नाही.

मात्र ते घेणाऱ्याचे हाल मला माहीत आहेत. गोडमिट्ट चव, पोट गुडगुडतं, लग्नाला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ‘तिथं सोय आहे का’. म्हणून लोक लाजेने डोस चुकवतात आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा बरळायला लागतात. नेमकं किती घ्यायचं, हे चमच्यांवर ठरत नाही. दिवसाला दोन-तीन मऊ शौच, हे माप. एकच झाली तर कमी पडलं. सात-आठ पाण्यासारखे जुलाब झाले तर जास्त झालं, आणि तेही धोक्याचं, कारण अंगातलं पाणी आणि क्षार घसरले की डोकं पुन्हा भ्रमतं.

ज्यांना डोकं भ्रमण्याचे असे झटके वारंवार येतात त्यांना रिफॅक्झिमिनही लिहितात. हे प्रतिजैविक रक्तात फारसं जातच नाही, आतड्यातच राहून तिथल्या जीवाणूंना आवरतं. २०१० मध्ये छापलेल्या २९९ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांत पुन्हा झटका आलेले लोक रिफॅक्झिमिनच्या गटात २२ टक्के होते आणि नकली गोळीच्या गटात ४६ टक्के. दोन्ही गटांतले बहुतेक जण लॅक्टुलोज घेतच होते. महाग आहे, हे खरं. “ताई, आता पाचच गोळ्या द्या,” असं ऐकायची मला सवय आहे.

खाण्याबद्दल मात्र माझा जीव तुटतो. पावलोव्हच्या कुत्र्यांपासून एक समज पडला की प्रथिनं म्हणजे अमोनिया, मग वरण बंद, दूध बंद, अंडं बंद, नुसती पेज. डॉक्टरही वर्षानुवर्षं हेच सांगायचे. ते आता मागे पडलं आहे. कारण यकृत हरलं की अमोनिया आवरायचं काम स्नायूंवर येतं, आणि उपाशी माणसाचे स्नायूच झडतात. आज सल्ला आहे दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळींची आणि दुधातली प्रथिनं मांसापेक्षा सहज सोसतात, आणि डाळींबरोबर चोथाही येतो. आपली डाळभाजी, पाटवडी, झुणका, ज्वारीची भाकरी, दही: फक्त तेल-मीठ आवरलं की हे पथ्याचंच जेवण आहे. रात्रभर उपाशी राहणंही या यकृताला जमत नाही, म्हणून झोपण्याआधी काहीतरी खायला सांगतात. मीठ मात्र खरंच कमी, पोटात पाणी असेल तर लोणचं-पापड विसरायचं.

दह्याचा विषय निघाला की पुढचा प्रश्न प्रोबायोटिकचा. आमच्याकडे पुड्यांनी एक अख्खा कप्पा भरला आहे. काही चाचण्यांत, त्यात दिल्ली-चंदीगडच्याही आहेत, सिरॉसिसच्या रुग्णांना फायदा दिसला. पण प्रत्येक पुडीत वेगळे जीवाणू, वेगळी मात्रा. एका पुडीचा निकाल दुसरीला लागू होत नाही. लॅक्टुलोजऐवजी पुडी, असं कुणी करत असेल तर मी विकत नाही, सरळ सांगते. आतड्यातल्या जीवाणूंची घरबसल्या तपासणी करून देणारे संचही विकत मिळतात. त्या रंगीत अहवालावरून यकृताचा उपचार ठरत नाही. ते पैसे रिफॅक्झिमिनला लावा.

सगळ्यात धीट प्रयोग म्हणजे निरोगी माणसाची विष्ठा गाळून, तपासून रुग्णाच्या आतड्यात सोडणं. ऐकून तोंड वाकडं होतं, मान्य. २०१७ मध्ये दिल्लीच्या यकृत आणि पित्त विज्ञान संस्थेने दारूमुळे यकृताला तीव्र सूज आलेल्या आणि स्टिरॉइड देता न येणाऱ्या आठ रुग्णांवर हे करून पाहिलं आणि निकाल आशा वाटावी असे होते. पण २०१९ मध्ये अमेरिकेत अशाच चाचण्यांमधल्या दोघांना दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय लागला. त्यातला एक सिरॉसिसचा रुग्ण होता, तो वाचला. दुसरा दगावला. हे सध्या मोठ्या केंद्रांतल्या चाचण्यांपुरतंच ठेवण्यासारखं आहे.

तो मुलगा आठ दिवसांनी पुन्हा आला, या वेळी बायकोला घेऊन. बाबा आता नातवाचं नाव बरोबर घेतात, सही अजून थोडी थरथरते. तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. भिंतीवरचं कॅलेंडर, ज्याच्या प्रत्येक चौकोनात दुधाच्या लिटरचा आकडा असतो. त्याच चौकोनांत आता खाली छोट्या उभ्या रेघा होत्या: दोन, तीन, तीन, एक, दोन.

“एक रेघ आली त्या दिवशी मी डॉक्टरले फोन केला,” ती म्हणाली. “त्यानं रात्री अजून एक मात्रा द्याले सांगितली.”

मी बाटली पिशवीत टाकली आणि दुसरीही काढून ठेवली.